दुधाचे डाग

दुपारी जेवण झालं की मी स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवा होतो. आमच्या भागात सगळेच होतात. उकडलेले बटाटे आणि तपकिरी रस्सा पोटात गेल्यावर माणूस दुसरं काय करणार? बाकाला लागून भिंत आहे आणि भिंतीच्या पलीकडे डुकरांचा गोठा. माझ्या आजोबांनी घर आणि गोठा एकाच छपराखाली बांधले, खाडीवरच्या वाऱ्यात सारखं बाहेर पडायला नको म्हणून. त्यामुळे डोळे मिटले की गोठा आपोआप आत येतो. काडात पाय ओढल्याचा आवाज, खांबाला पाठ घासल्याचा आवाज, झोपेत सोडलेला लांब सुस्कारा. लग्न झाल्यापासून मी त्याच आवाजांवर झोपत आलो आणि माझ्या पायांशी खुर्चीत बोदिल विणत बसायची.

बोदिल, माझी बायको, जानेवारीत गेली. पोटाचा कॅन्सर होता आणि कळला तेव्हा फार उशीर झाला होता. खुर्ची रिकामी झाली. भिंतीपलीकडचे आवाज मात्र तसेच राहिले. डोळा लागता लागता मला वाटायचं, ती विणकाम ठेवून पलीकडे गेली आहे, एकेका कप्प्यातून हिंडते आहे आणि डुकरं उठून तिला वाट देताहेत. जाग आली तरी तो भास लगेच मोडायचा नाही. कॉफी गरम होईपर्यंत तरी टिकायचा. मी ती मुद्दाम मंद आचेवर ठेवायचो.

मग ऑगस्टमध्ये त्या आवाजांत खोकला शिरला.

आधी एकच होता, कोरडा, दारावर बोटाने टकटक करावी तसा. मग त्याला दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं. सप्टेंबरपर्यंत दुपारभर ते चालू असायचं. धुक्याचे दिवस होते. खाडी दिसत नव्हती, कुंपण दिसत नव्हतं आणि त्या पांढऱ्यात भिंतीपलीकडून खोकला यायचा. अर्धवट झोपेत मला वाटायचं की कोणीतरी बोलायला सुरुवात करण्याआधी घसा साफ करतंय. मी वाट बघत पडून राहायचो. बोलत कोणी नसे.

ही पिल्लं क्रेस्तनकडून आलेली होती. क्रेस्तन माझा शेजारी, मेटाचा नवरा. आम्ही एका बाकावर बसून शाळा शिकलो. बोदिल गेल्यावर मी आमच्या डुकरिणी त्यालाच दिल्या, कारण वेतांचं काम बोदिलचं होतं आणि मला ते जमणार नव्हतं. त्यानंतर पिल्लं त्याच्याकडे व्हायची, जरा मोठी झाली की माझ्याकडे यायची आणि मी ती वाढवायची, असं ठरलं होतं.

"तुझी पिल्लं खोकतात," मी त्याला म्हणालो. तो ट्रॅक्टरवरून उतरलाही नव्हता.

"माझी? माझ्या फाटकातून बाहेर पडली तेव्हापासून ती तुझी, लाउस्त."

"येतानाच खोकला घेऊन आली."

"माझ्या घरात खोकणारं एकच माणूस आहे. मेटा. तेही मी काही बोलायला तोंड उघडलं की."

"मग इथे कुठून आला?" तो उतरून गोठ्यात शिरला तसं मी विचारलं.

"ते तू मला काय विचारतोस? ह्या तुझ्या गोठ्यात बघ जरा. खिडक्या का बंद केल्यास? डोळे चुरचुरतात इथे!"

खिडक्या मीच बंद केल्या होत्या. ती खोकायला लागली तेव्हा त्यांना गार लागत असेल असं मला वाटलं. शेवटच्या हिवाळ्यात बोदिलला सारखं गार लागायचं, तेव्हा घरभर फिरून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायची सवय माझ्या हातांना लागली होती. गोठ्यातही हातांनी तेच केलं.

क्रेस्तन आत फिरत फिरत शेवटच्या कप्प्यापाशी आला आणि तिथे थांबला.

"आणि ही कोण? ही अजून इथेच?"

त्या कप्प्यात पाच डुकरं होती. ती क्रेस्तनची नव्हती. आमच्या घरी झालेलं शेवटचं वेत होतं ते, आदल्या नोव्हेंबरमधलं. बोदिलला तेव्हा उभं राहवत नव्हतं. तिने बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि एकेक पिल्लू मूठभर काडाने पुसून लाल दिव्याखाली ठेवलं. मी नुसता दिवा धरून होतो. मे महिन्यात त्यांची भावंडं वजनाला भरली आणि गेली. ही पाच बारीक राहिली. अशांना आमच्याकडे 'मागे राहिलेली' म्हणतात. भावंडं मोठी झाल्यावर उशिरा जन्मलेल्या मुलालाही आम्ही तेच म्हणतो, जरा लाडाने.

"ती मागे राहिलेली आहेत," मी म्हणालो.

"मागे राहिलेली? अरे, ह्यांचे आता घरजावई झालेत! हा वाकड्या कानाचा बघ, माझ्यापेक्षा जाड आहे."

"तुझ्यापेक्षा सगळेच जाड आहेत."

"बोदिलने एकालाही मागे ठेवलं नसतं," तो म्हणाला आणि लगेच त्याने टोपी काढून पुन्हा घातली. तिचं नाव निघालं की तो असं करतो. "बरं. मी जातो. पण खोकला माझ्याकडचा नाही, एवढं लक्षात ठेव."

"तुझ्याकडचाच आहे."

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. चर्चमध्येही तो दुसऱ्या रांगेत बसला.

तो बोदिलबद्दल खोटं बोलला नव्हता. तिची रीत ठरलेली होती. गोठा भरायचा तो एकदम आणि रिकामा करायचा तोही एकदम. वजन भरलेली असोत नाहीतर बारीक, एका गाडीत सगळी कत्तलखान्याला जायची. बारकी कोणी घेतली नाहीत तर आमच्याच खाटकाकडे, पण गोठ्यात एकही राहायचं नाही. मग ती हिरवा साबण पाण्यात कालवून भिंती, फळ्या, फरशी सगळं घासायची, दोन्ही दारं सताड उघडी टाकायची आणि गोठा तसाच ठेवायची. त्या दिवसांत घर बहिरं झाल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचो, पुरे झालं आता, पिल्लं आणूया. ती म्हणायची, अजून ओलसर आहे. मी हात लावून बघायचो, मला कोरडंच लागायचं.

मे महिन्यात गाडी आली आणि त्या पाचांच्या भावंडांना घेऊन गेली, तेव्हा उरलेली जागा मी नळीच्या पाण्याने धुतली. मग जेवून बाकावर पडलो. भिंतीपलीकडे काही नव्हतं. ती पाच आपल्या कोपऱ्यात गप्प होती. मी फार वेळ कान लावून राहिलो. मग उठलो, ओल्या फरशीवर काड पसरलं, क्रेस्तनला फोन केला आणि संध्याकाळच्या आत गोठा भरून घेतला.

ऑक्टोबरअखेर आम्ही घरचं डुक्कर मारतो. त्याच्या काळजाची, म्हणजे यकृताची, वाटून भाजून वडी करायची आणि हिवाळाभर काळ्या पावावर लावून खायची. बोदिल ती करायची. तिची पद्धत मला माहीत होती. कांदा किती, चरबी किती, सगळं मी बघितलेलं होतं. या वर्षी आपण करून बघू असं मी मनाशी ठरवलं होतं. पण डुक्कर मारायला दोन माणसं लागतात आणि दुसरा माणूस नेहमी क्रेस्तन असतो. मी त्याला बोलावलं नाही. तो आपणहून आला, सुऱ्या कापडात गुंडाळून.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला. "पण डुकराचा त्यात काय दोष?"

आम्ही त्याच्याच पिल्लांमधलं एक धरलं. काम व्यवस्थित झालं. धुकं इतकं दाट होतं की अंगणात उकळत्या पाण्याची वाफ कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. क्रेस्तनने पोट उघडलं, यकृत बाहेर काढलं, दोन्ही हातांवर धरलं आणि माझ्याकडे वळला.

मी पुढे झालो. लालसर तपकिरी, गुळगुळीत, जसं असायला हवं तसं. पण त्याच्यावर सगळीकडे पांढरट ठिपके होते. जणू कोणी ताज्या दुधात बोटं बुडवून ती त्याच्यावर झटकली होती.

"दुधाचे डाग," क्रेस्तन म्हणाला.

हा शब्द मी लहानपणी बापाच्या तोंडून ऐकला होता. बोदिलच्या काळात आमच्या घरात तो कोणी उच्चारला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. एवढ्या वाईट गोष्टीला इतकं सौम्य नाव कसं दिलं असेल, असं मला वाटलं. पाळण्यातल्या मुलाच्या झबल्यावर असावेत असे डाग. क्रेस्तनने आतडं चिरलं आणि आतून जंत निघाले, गुलाबी-पांढरे, पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब. ते फरशीवर सावकाश वळत होते, जणू त्यांना अजून काही कळलंच नव्हतं.

"आता बोल," क्रेस्तन म्हणाला.

"तुझ्याकडूनच आले," मी म्हणालो.

"लाउस्त, मी हातात सुरी घेऊन उभा आहे."

सिसेलला बोलावलं. सिसेल आमची जनावरांची डॉक्टर. तरुण आहे, पण घाई करत नाही. मला ती आवडते. मी यकृत आणि फुफ्फुसं निळ्या परातीत कापडाखाली ठेवली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आधी गोठ्यात गेली, नुसती ऐकत उभी राहिली. मग तिने एकेक करून खिडक्या उघडल्या. मग स्वयंपाकघरात येऊन कापड उचललं. क्रेस्तनही आला होता. निकाल ऐकायला, तो म्हणाला.

"फुफ्फुसाचं हे टोक बघा," सिसेल म्हणाली. तिने बोटाने दाबलं. बाकीचं फुफ्फुस मऊ, फिकट होतं. पुढची टोकं मात्र मांसासारखी घट्ट आणि काळपट झाली होती. "हा फुफ्फुसाचा रोग. हवेतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बऱ्याच गोठ्यांत थोडाफार असतो, पण एरवी इतका बळावत नाही."

"मग आता का बळावला?"

"ह्यामुळे." तिने यकृतावरच्या डागाला बोट लावलं. "जंताचं अंडं फरशीवर असतं. डुक्कर हुंगतं, चाटतं, गिळतं. आतड्यात गेल्यावर अंड्यातून अळी निघते. ती आतडं फोडून यकृतात येते. तिथून रक्ताबरोबर फुफ्फुसात. फुफ्फुसातून वर चढत चढत घशात. मग डुकराला खोकला येतो, अळी तोंडात येते आणि डुक्कर ती पुन्हा गिळतं. पुन्हा आतड्यात. तिथे गेल्यावर मग तिचा जंत होतो."

"म्हणजे जिथून निघाली तिथेच?" मी विचारलं.

"तिथेच. आणि जाताना फुफ्फुसाची दारं सगळी उघडी टाकून जाते. मग तो दुसरा रोग आत शिरतो."

"एवढं फिरून परत घरीच यायचं होतं तर निघायचं कशाला?" क्रेस्तन म्हणाला.

"तुम्हीही रोज संध्याकाळी खानावळीतून फिरून घरीच जाता की," सिसेल म्हणाली. क्रेस्तन हसला. मीही हसलो असेन.

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "हे कोणाकडे झालं ते सांग."

सिसेलने हात धुतले आणि पावाचा तुकडा मोडला. "हे डाग म्हणजे अळी गेल्यावर यकृताने भरलेली जखम. यकृत पटकन बरं होतं. पुन्हा अळ्या आल्या नाहीत तर महिना-दीड महिन्यात डाग पुसून जातात. ही पिल्लं क्रेस्तनकडून मेमध्ये आली. तेव्हाचे डाग असते तर केव्हाच गेले असते. हे ताजे आहेत." ती माझ्याकडे वळली. "लाउस्त, ही डुकरं अजूनही रोज अंडी गिळताहेत. इथे."

क्रेस्तन जिंकला होता. मला वाटलं, आता तो टेबलावर हात आपटेल. त्याने कॉफीचा कप हळूच बशीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"औषध देऊ," सिसेल म्हणाली. "जंतांचंही आणि खोकल्याचंही. पण औषध डुकराच्या आत जातं. अंडी बाहेर आहेत. ती चिकट असतात, नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. जंतुनाशक फवारा, त्यांना काही होत नाही. वर्षानुवर्षं पडून राहतात. ऊब आणि ओल मिळाली की तयार होतात. त्यांना एकच गोष्ट सोसत नाही. साबणाने घासून, कडक वाफ देऊन, गोठा पूर्ण कोरडा होईपर्यंत रिकामा ठेवणं."

"क्रेस्तनची पुढची पिल्लं तयार आहेत," मी म्हणालो.

"तयार असू देत. आधी रिकामा करा. एकदम."

"सगळी?"

"सगळी."

"त्या शेवटच्या कप्प्यातलीही?"

सिसेलला त्या पाचांबद्दल काही माहीत नव्हतं. ती क्रेस्तनकडे बघायला लागली. "बोदिलच्या हातचं शेवटचं वेत, मागच्या नोव्हेंबरचं," तो टोपीशी चाळा करत म्हणाला.

"ती तर आधी," ती म्हणाली. "इथे सगळ्यात जास्त दिवस तीच आहेत. अंडी टाकणारी बहुतेक तीच असणार."

मी म्हणालो, मागच्या अंगणात गाड्यांची जुनी शेड आहे. तिथे त्यांना वेगळं ठेवतो.

"ठेवा की," सिसेल म्हणाली. "पण त्यांना खायला कोण घालणार? तुम्हीच. त्याच बुटांनी तुम्ही तिकडून इकडे येणार. दिवसातून कितीदा जाता त्यांच्याकडे?"

क्रेस्तन म्हणाला, "त्याला विचारू नकोस. तो मोजत नाही."

ती दोघं गेल्यावर मी जेवलो आणि आडवा झालो. त्या दुपारचं मला नीट सांगता येत नाही. मी झोपलो होतो हे नक्की. मी एका घरात होतो, लाल आणि ऊबदार, आणि त्याच्या भिंती हळूहळू हलत होत्या. मला कुठे जायचं होतं ते माहीत नव्हतं, पण पाय थांबत नव्हते. एका खोलीतून मी निघालो आणि मागे वळून पाहिलं तर भिंतीवर पांढरा ठिपका राहिला होता. पुढच्या खोलीत वारा होता, तो आत यायचा आणि बाहेर जायचा. तिथे बोदिल असेल असं मला वाटलं. मी एकेक दार ढकलत गेलो. दारं उघडी राहत होती, मी ती लावली नाहीत. मग कोणीतरी खोकलं, सगळं घर हादरलं आणि मी पुन्हा पहिल्याच खोलीत होतो. बाकावर. स्वयंपाकघरात.

मी उठून गोठ्यात गेलो. कॉफी ठेवली नाही.

शेवटच्या कप्प्याच्या फळीवर हात टेकून मी उभा राहिलो. उघड्या खिडक्यांमधून धुकं आत येत होतं आणि पाच पाठींवर बसत होतं. वाकड्या कानाचा उठला, माझ्याकडे आला, मान लांब केली आणि खोकला. तीन-चार कोरड्या उबळी. मग तो गप्प झाला, त्याने जबडा हलवला आणि गिळलं. ते मला दिसलं. गळ्यावरून खाली सरकलेला तो छोटा उंचवटा. इतके महिने मी त्यांचा खोकला ऐकत होतो, पण खोकल्यानंतर काय होतं ते बघितलं नव्हतं. मग दुसरा खोकला आणि त्यानेही गिळलं. मी अंधार पडेपर्यंत तिथेच होतो. त्यांच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. असा श्वास मी घरातही बघितला होता.

बोदिलच्या हाताखालून गेलेलं जे काही शेवटचं उरलं होतं ते मी सांभाळतोय, असं मला वाटत होतं. तिने पुसलेलं अंग मी अजून दुखत ठेवलं होतं. तिने ते केलं नसतं. तिने त्यांना नोव्हेंबरमध्ये पुसलं आणि मेमध्ये पाठवलं असतं, कानामागे खाजवून, लग्न झालेल्या पोरीची पाठवणी करावी तशी. मला तिच्यासारखं खाजवता येत नाही. पण पाठवता येत होतं.

औषध दिलं. औषध घेतलेलं डुक्कर लगेच मारता येत नाही, म्हणून ते अंगातून उतरेपर्यंत थांबलो. तेवढ्यात त्यांचा खोकला बराच कमी झाला आणि ती नीट खायला लागली. मला वाटलं होतं, असं झालं तर माझा विचार बदलेल. तो बदलला नाही, उलट सोपा झाला.

गाडी आली त्या सकाळी मी पाचांना पुढे घातलं. बार्लीची बादली हातात, फळी बाजूला. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा होता.

"शेवटी घरजावयांना काढलंस तर," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. क्रेस्तन खानावळीत दुसरं काही बोलतच नाही."

वाकड्या कानाचा उतारावर थांबला. मला वाटलं, खोकेल. तो नुसता हवा हुंगत होता. मी त्याच्या कानामागे हात घातला. कातडी गरम होती आणि खडबडीत होती आणि त्यावर बोदिलचं काही नव्हतं. मी बादली हलवली. तो वर चढला. मग बाकीची गेली, क्रेस्तनची सगळी, भरलेली आणि न भरलेली, आणि गाडी धुक्यात शिरली. ती दिसेनाशी झाल्यावरही तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

काड उपसायला क्रेस्तन आला. बोलावलं नव्हतं. त्याने स्वतःचं वाफेचं मशीन आणलं होतं.

"मी मदतीला आलो नाही," तो म्हणाला. "तू माझं मशीन मोडू नयेस म्हणून आलोय."

आम्ही हिरवा साबण कालवला. फळ्यांच्या फटी, खाण्याच्या कुंड्यांच्या कडा, दाराच्या बिजागऱ्या, सगळं घासलं. फेस गुडघ्यापर्यंत आला. वाफेत तो मला दिसत नव्हता आणि मी त्याला. नुसता ब्रशचा आवाज आणि मधूनच त्याची शिवी. एकदा मी म्हणालो, "तो कोपरा राहिला," आणि पलीकडून उत्तर आलं, "बायकोसारखा बोलू नकोस." दोघांचेही ब्रश थांबले. मग तो म्हणाला, "कुठला कोपरा?"

काम संपलं. दारं उघडी टाकली. क्रेस्तन गेला.

त्यानंतर मी दुपारी आडवा व्हायचो आणि भिंतीपलीकडे काहीच नसायचं. पहिल्या काही दुपारी मी कान लावून वाट बघत राहिलो. मग नुसताच पडून राहिलो. धुकं उठलं आणि वारा सुटला, पूर्वेचा, कोरडा. तो एका दाराने यायचा आणि दुसऱ्याने जायचा. मी रोज सकाळी आत जाऊन फरशी बघायचो. ओली फरशी काळी असते. कोरडेपणा खांबांच्या पायथ्यापासून सुरू झाला आणि राखाडी होत होत पसरत गेला. शेवटच्या कप्प्यात उताराला एक काळा पट्टा बरेच दिवस राहिला. मी वाकून त्यावर तळहात ठेवायचो. अजून ओलसर आहे, असं एकदा मोठ्याने म्हणालो आणि माझा आवाज गोठ्याच्या त्या टोकापर्यंत जाऊन आला.

तिथे कोणी हिंडत नव्हतं. मी नीट बघितलं. कप्पे, खांब, खिडक्यांचा उजेड. मला त्या रिकामेपणाची इतकी भीती वाटत होती आणि ते इतकंच होतं.

मग एका सकाळी ट्रॅक्टर वाजला. क्रेस्तन मागे गाडी लावून आला होता. गाडीत त्याची पिल्लं किंचाळत होती.

"कोरडं झालं ना?" तो वरूनच ओरडला.

"झालं."

"सिसेलने बघितलं?"

"काल बघून गेली. ठीक आहे म्हणाली."

"मग फाटक उघड की! यांनी माझे कान खाल्ले."

मी फाटकावर हात ठेवून उभा राहिलो.

"आज नको," मी म्हणालो.

"काय?"

"आज नको. पुढच्या आठवड्यात आण."

तो माझ्याकडे बघत राहिला. "लाउस्त, तुला बरं आहे ना? मेमध्ये तूच मला दुपारच्या झोपेतून उठवलंस, म्हणालास, आत्ता आण, आत्ताच्या आत्ता आण."

"हो."

"तुला शांतता सोसत नव्हती."

"नव्हती."

त्याने ट्रॅक्टर बंद केला. पिल्लंही क्षणभर गप्प झाली. तो खाली उतरला, दारापर्यंत आला आणि उंबऱ्याबाहेर बूट काढून मोज्यांवर आत आला. आम्ही दोघं गोठ्याच्या मधोमध उभे राहिलो. वारा एका दाराने येत होता. त्याने टोपी काढली आणि या वेळी परत घातली नाही.

"मेटा विचारेल, पिल्लं परत का आणलीस," तो म्हणाला. "काय सांगू तिला?"

"सांग, गोठा रिकामा आहे," मी म्हणालो. "राहू दे म्हणावं अजून थोडे दिवस."